राखीव मामा

लग्नाला न येण्याची कारणं आमच्या नगर जिल्ह्यात ठरलेली आहेत. उसाला तोड आली. विहिरीवरची मोटार जळाली. लाइट रात्रीची होती, दारं धरायला दुसरं कोणी नव्हतं. म्हैस व्यायला टेकली होती. अलीकडे यात 'वस्तीवर बिबट्या आलाय' या कारणाची भर पडली आणि ते इतकं चालू लागलं की एकच बिबट्या एकाच मुहूर्तावर कोपरगाव, राहुरी आणि पारनेर अशा तीन तालुक्यांत दिसतो. ही कारणं खरी असायची गरज नसते. सांगणाऱ्याला ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि दोघं मिळून "असं होय, मग कसं जमणार" म्हणत विषय मिटवतात.

या यादीत ज्वालामुखी बसत नाही. तो बसवण्याचा पहिला प्रयत्न माझ्या धाकट्या भावाने केला.

भाचीचं लग्न राहात्याला, मंगळवारी, २५ नोव्हेंबर २०२५ रोजी, गोरज मुहूर्तावर, ६ वाजून ३५ मिनिटांनी. सोमवारी हळद. आणि सोमवारी दुपारी बापूचा अबुधाबीहून फोन.

"दादा, फ्लाइट कॅन्सल झाली."

"का?"

"ज्वालामुखी फुटलाय."

"अबुधाबीत?"

"इथिओपियात."

"मग तू इथिओपियात कशाला गेलास?"

पुढची काही मिनिटं मी भूगोल शोधत होतो आणि बापू संयम. त्यातून निष्पन्न झालं ते असं : इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा एक ज्वालामुखी आहे. तो रविवारी सकाळी फुटला. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर वर गेला, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच्याही वर. तिथे वाऱ्याने त्याला धरलं आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र असा मुक्काम न करता तो गुजरात-राजस्थानकडे निघाला. आखातातून आपल्याकडे यायची हवाई वाटही साधारण तीच. तेव्हा कंपन्यांनी उड्डाणं रद्द करायला सुरुवात केली. या लोटाला व्हिसा लागला नाही, तिकीट लागलं नाही, सामानाचं वजन तर कोणी केलंच नाही, आणि तो बापूच्या आधी भारतात पोचणार होता.

"अक्काला तू सांग," बापू म्हणाला.

"तू सांग. ती तुझं ऐकते."

"दादा, आवाज येत नाहीये," असं ठणठणीत आवाजात म्हणून त्याने फोन ठेवला.

घरात फोन प्रत्येकाकडे आहे, पण नको असलेली बातमी पोचवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे घरच्यांची अशी समजूत आहे की याला शब्द सापडतात. मी मंडपात गेलो. एका कोपऱ्यात टीव्ही लावलेला होता. त्याच दिवशी धर्मेंद्र गेले होते, सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललं होतं, आणि आत्या व तिच्या वयाच्या बाया हळकुंडं फोडता फोडता पदराने डोळे टिपत होत्या. ज्वालामुखीही होता, पण पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत, सोन्याच्या भावाच्या मागोमाग. लग्नघरात सोन्याचा भाव वाचल्यावर पुढची बातमी वाचण्याइतकं भान कोणाला राहत नाही.

"अक्का, बापूचं विमान रद्द झालंय."

"का?"

"ज्वालामुखी फुटला. इथिओपियात."

अक्काने हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "ह्याच्या आधी कधी फुटला व्हता?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मोबाईलमध्ये बघून मी म्हणालो, "निदान बारा हजार वर्षांत फुटल्याची नोंद नाही म्हणतात."

"बारा हजार वर्षं गप बसला," अक्का शांतपणे म्हणाली, "अन् नेमका माझ्या पोरीच्या हळदीच्या आदल्या दिवशी फुटला?"

यावर जगातल्या कुठल्याही भूशास्त्रज्ञाला उत्तर देता आलं नसतं. मी तर व्याकरण शिकवायचो.

"खरं काय ते सांग. पत्रिकेवरून रुसलाय ना तो?"

इथे पत्रिकेबद्दल सांगणं भाग आहे. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं शोधावी लागतात. वर आशीर्वाद देणारे आजी-माजी आमदार-खासदार, मग कारखान्याचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, संचालक, माजी सभापती, सोसायटीचे सचिव, आणि या गर्दीतून वाट काढत तळाकडे मामा मंडळी. जिल्ह्याचं नाव बदललं, पण छापणाऱ्याकडचा साचा पूर्ण बदलला नव्हता, त्यामुळे आमचे पाहुणे निम्मे अहमदनगरचे आणि निम्मे अहिल्यानगरचे झाले होते. त्यावर कोणी काही बोललं नाही. बोभाटा झाला तो मामांच्या क्रमावरून. बापू सख्खा मामा, पण त्याचं नाव दोन चुलत मामांच्या खाली आलं होतं आणि पुढे कंसात अबुधाबीऐवजी 'दुबई'. त्याआधी साखरपुड्यात त्याची टॉवेल-टोपीवर बोळवण झाली होती, हेही आता कोणाला तरी आठवलं. (माझीही टॉवेल-टोपीवरच झाली होती. ते कोणाला आठवलं नाही.)

तासाभरात मंडपात खटला उभा राहिला. एका चुलत्यांनी साक्ष दिली की साखरपुड्याला बापूने जिलेबी दुसऱ्यांदा घेतली नव्हती. मावशी म्हणाली, "तो तवाच माझ्याशी तोडून बोलला. म्हनला, मावशी, बघू." मी ज्वालामुखीचा उपग्रहाने काढलेला फोटो दाखवला. मावशीने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाली, "ह्याच्यात बापू कुठंय?"

दाजी स्वभावाने समेटाचे. त्यांनी बापूला स्पीकरवर फोन लावला.

"बापूसाहेब, पत्रिकेचं मनाला लावून घेऊ नका."

"दाजी, पत्रिकेचं काही नाही हो. वरती आकाशात राख..."

"व्हय, व्हय. समजतं आम्हाला. आमचं चुकलंच."

"अहो दाजी, विमानच नाही!"

"आम्ही दुसरी छापतो. तुम्ही फक्त या."

आणि दाजींनी खरंच छापली. संध्याकाळपर्यंत थोड्या प्रती आल्या. त्यात बापूचं नाव सगळ्या मामांच्या वर, ठळक अक्षरात, पुढे 'अबुधाबी, यूएई'. तिचा फोटो कोणी तरी हौसेने नात्याच्या ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांनी शेवगावच्या चुलत मामांचा निरोप आला की कपाशी वेचायला बाया मिळाल्यात, त्यामुळे उद्या येणं अवघड दिसतं. सगळे म्हणाले, "खरंय, बाया मिळाल्यावर सोडता येत नाहीत."

याच सुमारास शेजारचे गुरुजी मंडपात आले. निवृत्त भूगोल शिक्षक. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर ज्वालामुखीची आकृती काढली, नावं दिली, आणि मुलांनी ती परीक्षेपुरती पाठ करून सोडून दिली. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आज प्रथमच त्यांना खरा ज्वालामुखी मिळाला होता, आणि हाताशी डीजेचा माइकही. दोन गाण्यांच्या मधे त्यांनी तो घेतला.

"बंधू-भगिनींनो, ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे."

मंडप शांत झाला. गुरुजींनी सांगितलं की ज्वालामुखीची राख जळून तयार होत नाही; ती दगडाची आणि काचेची भुकटी असते, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक. विमानाच्या इंजिनात गेली की तिथल्या उष्णतेने वितळते, आतल्या पात्यांवर जाऊन पुन्हा घट्ट होते आणि इंजिनाचा श्वास कोंडते. ती कोरडी असल्यामुळे विमानातल्या हवामानाच्या रडारला दिसतही नाही. १९८२ च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट रात्रीच्या वेळी जावा बेटावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं एकापाठोपाठ बंद पडली. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की एक छोटीशी अडचण आली आहे, चारही इंजिनं बंद आहेत, ती चालू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतो आहोत. विमान तरंगत खाली खाली येत राहिलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा धरली आणि सगळे जाकार्ताला सुखरूप उतरले.

"गुरुजी," अक्काने विचारलं, "राखेनं भांडी तर लख्ख निघतात. मंग इंजिनालाच काय धाड भरली?"

"त्याच कारणाने!" गुरुजींना असा प्रश्न वर्गात कधी कोणी विचारला नसावा. "त्या विमानाची पुढची काच घासून अशी निघाली की पायलटला उतरताना समोरचं दिसेना."

"म्हंजी घासायचं काम चोख झालं," अक्का म्हणाली. राखेबद्दलचं तिचं मत बिघडलं नाही. बापूबद्दलचं सुधारलं नाही.

श्रोत्यांतून आणखी शंका आल्या. आचाऱ्याने विचारलं की इथिओपियाच्या हिशेबाने उद्या पन्नास पानं कमी धरायची का. ड्रोनवाल्या पोराने विचारलं, "सर, उद्या माझा ड्रोन उडंल का?" गुरुजी म्हणाले, राख कित्येक किलोमीटर उंचीवर आहे आणि ड्रोनला जेमतेम १२० मीटरपर्यंत जायची परवानगी असते. पोराने विचार केला आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की वर राख असल्यामुळे रिस्क वाढली आहे, दोन हजार जास्तीचे पडतील. दाजींनी दिले. मुलीच्या बापाला या काळात ज्वालामुखीचेही पैसे द्यावे लागतात.

खरं तर ज्वालामुखी या विषयावर आम्हाला बाहेरच्यांनी शिकवावं असं काही नाही. आमचा जिल्हाच त्यावर बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहू लागला, थांबला, पुन्हा वाहिला, असे थरावर थर चढत गेले. अकोले तालुक्यातलं कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, अक्काच्या घराचा पाया, मंडपाच्या दोऱ्या ज्या खुंट्यांना बांधल्या होत्या त्या ठोकताना बोथट झालेली पहार, हे सगळं त्याच काळ्या दगडाचं देणं. त्या काळी एकही उड्डाण रद्द झालं नाही. डायनासोर मात्र त्याच सुमारास रद्द झाले, आणि त्याचं खापर काही शास्त्रज्ञ अजून आमच्या दगडावर फोडतात.

आणि आकाशातून राख पडण्याचं म्हणाल तर तेही आम्हाला नवीन नाही. लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, मग जिल्हाभर कारखाने उभे राहिले, आणि तेव्हापासून हा उसाचा मुलूख आहे. ज्याने गळीत हंगामात कारखान्याच्या जवळपास पांढरा सदरा वाळत घातला आहे त्याला हवेतून येणाऱ्या काजळीचं कौतुक राहत नाही. अक्काने तर वधूची शालू-साडी सोमवारी मंडपात झटकायलाही मनाई केली होती, ती इथिओपियाचं नाव ऐकण्याआधीच. दुसऱ्या बाजूने पाहावं तर राहात्याहून शिर्डी हाकेच्या अंतरावर, आणि तिथे देशभरातून लोक विमानाने येतात ते बाबांच्या धुनीतली उदी मिळावी म्हणून. चिमूटभर कपाळाला, उरलेली पुडीत. राखेसाठी विमान पकडणारा आणि राखेमुळे विमान चुकलेला, दोघं एकाच आठवड्यात आमच्या तालुक्यात भेटू शकतात.

काकडीचं शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं तेव्हा सगळा तालुका विमानं बघायला गेला होता. पण आमच्या विमानतळाला अडायला कधी ज्वालामुखी लागला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात नुसतं धूसर झालं, धावपट्टी नीट दिसेना, आणि पुढचे काही आठवडे, पार डिसेंबर उजाडेपर्यंत, उड्डाणं बंद राहिली. रात्री उतरायची सोय यायला २०२५ साल लागलं. तेव्हा बापूच्या अडचणीकडे आमची माणसं जरा वरून बघत होती त्यालाही कारण होतं. एवढा १४ किलोमीटरचा लोट उठला तेव्हा कुठे ह्याचं विमान अडलं!

रात्री हळदीच्या जेवणावर अभियांत्रिकीला असलेल्या पुतण्याने बापूची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधला एक ज्वालामुखी फुटला होता, त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. आत्याने त्याच्या पाठीत थाप मारली, तिला वाटलं पोराला ठसका लागला. पाणी पिऊन तो पुढे म्हणाला की तेव्हा अर्ध्या युरोपचं आकाश बंद झालं होतं, लाखभर उड्डाणं रद्द झाली, कोटीच्या घरात माणसं अडकली. जर्मनीच्या चॅन्सलर मर्केल अमेरिकेहून परत निघाल्या होत्या. त्यांचं विमान लिस्बनला उतरलं, तिथून त्या रोमला गेल्या, आणि रोमहून रस्त्याने घरी पोचल्या.

हे उदाहरण त्याने द्यायला नको होतं.

"बाई मानूस," आत्या म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशाची, रस्त्यानं घरी गेली. मंग बापूला काय झालं?"

"आत्या, मधे समुद्र आहे."

"मंग बोट नाय का?"

बोटीची चौकशी झाली. कोणाच्या तरी मेहुण्याचा मित्र न्हावाशेवा बंदरात होता. त्याने सांगितलं की कंटेनरमधून माणूस आणता येत नाही. आत्याने याचीही नोंद बापूच्याच खात्यावर केली.

कोणाला हे ठाऊक नव्हतं की राखेचा फैसला राहात्यात किंवा अबुधाबीत होतच नाही. ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवायला जगात नऊ केंद्रं आहेत. आफ्रिका आणि आपला भाग फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राकडे येतो. ते नकाशे काढतं, त्यावरून इकडे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कंपन्यांना सांगतं की या या उंचीवरून जाऊ नका, इंजिनात काही वेगळं जाणवलं किंवा केबिनमध्ये धूर-वास आला तर लगेच कळवा. म्हणजे आमच्या भाचीच्या पाठीशी कोणता मामा उभा राहणार हे फ्रान्समध्ये ठरत होतं. मी हे दाजींना सांगितलं नाही. त्यांनी तुलूझलाही पत्रिका पाठवली असती.

उरला प्रश्न मामाचा. भटजी माइकवरून "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या" म्हणतात तेव्हा कोणी तरी मुलीला घेऊन यावं लागतं. मी मोठा मामा. सख्खा. त्याच गावात राहणारा. पण मामा म्हणून माझी गणती शेवटच्या क्षणी झाली. बापू येतो तेव्हा अत्तर, खजूर, चॉकलेटं आणि बदामांच्या पिशव्या येतात. मी येतो तेव्हा मीच येतो, आणि बहुतेक वेळा जेवायच्या वेळेला. अक्का म्हणाली, "तू आहेसच रे." या वाक्यात माया होती. पण 'मंडपात खुर्च्या आहेतच' म्हणताना असते तितकीच.

बापूसाठी शिवलेली शेरवानी मला घालण्यात आली. बापू उंच आणि सडपातळ आहे, वाळवंटात राहून आणखी वाळलेला. मी प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला आहे. दोन जणांनी पुढून ओढली, एकाने मागून दाबलं, आणि बटणं लागली, पण त्यानंतर मला श्वास घ्यायचा की बोलायचं यातलं एकच जमू लागलं. गुरुजींनी मला बघून इंजिनाच्या त्या उदाहरणाची सगळ्यांना पुन्हा आठवण करून दिली. मग अक्काने तालीम घेतली. "सरळ उभा राहा. हसू नको. डोळ्यात पानी आलं तर येऊ दे, पन तू रडू नको. बापू रडला असता तर शोभलं असतं."

मंगळवारी सकाळी टीव्हीवरची पट्टी थोडी वर सरकली होती. राख रात्रीत दिल्लीपर्यंत पोचली होती, आणि हवामान खात्याचा अंदाज होता की ती संध्याकाळी साडेसातपर्यंत भारताच्या आकाशातून निघून चीनच्या दिशेने जाईल. बापूचाही निरोप आला. त्याला सकाळच्या एका विमानात जागा मिळाली होती, ते जरा वळसा घालून मुंबईला येणार होतं.

दाजींनी हिशेब मांडला. मुहूर्त ६:३५. मुंबईहून समृद्धी महामार्गाने सुसाट यायचं म्हटलं तरी बापूला साडेसात-आठ होणार. ते हात जोडून भटजींकडे गेले. "तासाभराचा प्रश्न आहे. काही करता येईल का?"

भटजींनी पंचांग मिटलं. "दाजी, साहेब आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत असं तुम्हीच परवा सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग मुहूर्ताचं मला काय विचारता? साहेबांच्या पीएला विचारा."

दाजींचा चेहरा उजळला. नगरपालिकांच्या निवडणुकीचं मतदान २ डिसेंबरला होतं, प्रचाराचा धुरळा उडाला होता, आणि साहेबांना त्या एका संध्याकाळी दोन कोपरा सभा, तीन लग्नं आणि एक दहावा करायचा होता. राखेचा लोट ताशी किती वेगाने कुठे जाईल हे तुलूझचे शास्त्रज्ञ सांगू शकतात. साहेबांच्या गाडीचं तसं नसतं. पीएचा पहिला फोन साडेसहाला आला : "साहेब निघाले." याचा अर्थ साहेब आंघोळीला गेले. सातला : "राहुरी सोडली." म्हणजे राहुरीत पोचले. सव्वासातला : "लोणी फाट्यावर आहोत." हा टप्पा सगळ्यात फसवा, या फाट्यावर साहेब एका वेळी तासभरही असू शकतात. या संपूर्ण काळात नवरदेव बोहल्यावर, वाजंत्री दमलेले, लहान पोरं अक्षतांचे तांदूळ खात असलेली, आणि निवेदक माइकवरून उपस्थितांचं स्वागत करत होता. त्याने प्रत्येकाचं दोनदा केलं. माझंही केलं, 'मुलीचे राखीव मामा' असं. मी मान लववून नमस्कार केला आणि शेरवानीचं वरचं बटण आहेराच्या टेबलावर जाऊन पडलं.

पावणेआठला बापू आला.

मुंबईपासून कोपरगावच्या बाजूपर्यंत त्याची गाडी समृद्धीवरून पाण्यासारखी आली होती. मग तो खाली उतरला आणि नगर-मनमाड रस्त्याला लागला. या रस्त्याविषयी मी काही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही ते विश्वास ठेवणार नाहीत. वाटेत गाडीचं चाक बसलं, बापूने स्वतः उतरून ते बदललं. मंडपाच्या कमानीखाली तो उभा राहिला तेव्हा केस, भुवया, काळा कोट, हातातली अत्तराची पिशवी, सगळं एका रंगाचं झालं होतं.

"बघा," मावशी म्हणाली, "आलाच की. म्हनं ज्वालामुखी."

पण आत्या पुढे झाली. तिने बापूच्या खांद्यावरून बोट फिरवलं, ते दिव्याच्या उजेडात धरलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"आगं बया," ती म्हणाली. "राख!"

बायांचा घोळका बापूभोवती जमला. प्रत्येकीने बोट लावून खात्री केली. एकीने वास घेतला आणि गंधकासारखा येतो म्हणून सांगितलं. गुरुजी घाईघाईने चष्मा पुसत आले, कणांचा आकार निरखला, त्यांना सगळं समजलं, आणि आयुष्यातला एकमेव जिवंत नमुना हातचा जाईल म्हणून ते काही बोलले नाहीत. मला बोलता आलं असतं, पण खालची बटणं अजून शाबूत होती.

कोठीघरात, पत्रावळींच्या गठ्ठ्यांमागे, शेरवानी माझ्या अंगावरून बापूच्या अंगावर गेली. वरचं बटण नव्हतं, तिथे आत्याने सेफ्टी पिन लावली. फेटा मात्र त्याच्या डोक्याला मोठा झाला. माझ्या डोक्यात काही नाही असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं.

आठ वाजून दहा मिनिटांनी गाड्यांचा ताफा आला. तोवर इथिओपियाची राख हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार देश सोडून गेलेली असणार. साहेबांना पुढच्या सोफ्यावर बसवलं, शाल-फेटा झाला, आणि दाजींनी त्यांच्या कानाशी लागून मेहुण्याची हकिगत सांगितली : अबुधाबी, विमान, राख, सगळं. साहेबांनी गंभीर होऊन ऐकलं. मग निवेदकाने शुभाशीर्वादासाठी त्यांना माइक दिला.

"सर्वप्रथम मी वधूवरांची आणि आपल्या सर्वांची क्षमा मागतो," साहेब म्हणाले. "मला थोडा उशीर झाला. आपण सर्व जाणता, इथिओपियात ज्वालामुखीचा उद्रेक झालेला आहे. त्या राखेमुळे सगळीकडची वाहतूक विस्कळीत झालेली आहे."

मंडपात टाळ्या पडल्या. शेवगावच्या चुलत मामांना नंतर कळवण्यासाठी कोणी तरी त्याचं चित्रीकरण केलं. अक्काही टाळ्या वाजवत होती. ती माझ्याकडे वळली.

"म्हंजी खरंच फुटला व्हता की रे," ती म्हणाली. "बापूवर उगाच शंका घेतली आपन."